जुनी सागवानी दारे, फणसाच्या फळ्या आणि बेल्ट सँडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराची सागवानी दारे, फणसाच्या फळ्या जोडून करायचे जेवणाचे लांब टेबल आणि माळ्यावर पडून असलेले काही पाट-चौरंग एवढे काम डोळ्यांसमोर ठेवून मी बेल्ट सँडर, म्हणजे सँडपेपरचा फिरता पट्टा लाकूड घासतो असे विजेचे यंत्र, घेतला. गेल्या दिवाळीपासून तो नियमित वापरात आहे आणि मधला पावसाळाही त्याने पाहिला आहे. यंत्र 650 वॅटचे असून बेल्टचे माप 76 बाय 457 मिलिमीटर आहे, ज्याला दुकानात इंचांच्या हिशेबाने ‘तीन बाय अठरा’ म्हणतात. बेल्टचा वेग मिनिटाला 75 मीटरपासून 270 मीटरपर्यंत कमीजास्त करता येतो. 230 व्होल्टला हा भार जेमतेम तीन अँपिअरचा होतो, त्यामुळे घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर तो विनातक्रार चालतो. अंगणात काम करताना मात्र मी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेल्या जोडणीवरूनच वीज घेतो.

लाकूड गुळगुळीत करण्यासाठी म्हणून हे यंत्र घेणाऱ्यांची निराशा होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, कारण त्याचे खरे काम पातळी काढण्याचे, म्हणजे रंध्याच्या जवळचे आहे. फणसाच्या तीन फळ्या सरसाने जोडल्यावर सांध्यांपाशी जो उंचसखलपणा राहिला होता, तो रंध्याने काढताना लाकडाच्या उलटसुलट रेषांमुळे ढलप्या निघत होत्या. सँडरने तो 60 नंबरच्या (नंबर जितका कमी तितके दाणे जाड) बेल्टवर विनासायास निघाला. पद्धत अशी की प्रथम संपूर्ण पृष्ठभागावर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढायच्या आणि यंत्र लाकडाच्या रेषांना साधारण 45 अंशांत, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, फिरवायचे. जिथे पेन्सिल टिकून राहते तिथे खळगा आहे आणि जिथे ती आधी पुसली जाते तिथे उंचवटा आहे, हे रेघा स्वतःच दाखवतात. सगळ्या रेघा गेल्या की पुन्हा नव्या ओढून 80 आणि मग 120 नंबरचा बेल्ट लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. त्यापुढचे काम याच्याकडून करून घेऊ नये. 150 आणि 180 मी हाताने, ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून करतो. पहिल्या बेल्टचे ओरखडे पुरते काढल्याशिवाय पुढचा नंबर लावला, तर ते पॉलिशचा हात फिरताच उठून दिसतात.

यंत्रावर जोर देण्याची गरज कधीच भासली नाही, कारण त्याचे वजन पुरेसे आहे. जोर दिला की बेल्ट मंदावतो, लाकूड तापते आणि सागवानातील तेलकटपणामुळे दाण्यांमध्ये भुशाचा काळपट थर बसतो. असा भरलेला बेल्ट टाकून न देता त्यावर बेल्ट साफ करण्याची रबरी कांडी धरावी; चालत्या बेल्टवर ती टेकवली की थर सुटून येतो आणि बेल्ट पुन्हा कापू लागतो. यंत्र लाकडावर टेकवून सुरू करू नये आणि लाकडावर असताना बंदही करू नये. हवेत सुरू करून, पुढेमागे सरकत असतानाच ते अलगद उतरवावे आणि उचलूनच थांबवावे. एका जागी क्षणभर थबकले तरी खोलगट पट्टा पडतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली असावी आणि कडेला आल्यावर तळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग बाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर कड गोलावते.

बेल्ट बसवताना त्याच्या आतील बाजूचा बाण आणि यंत्रावरचा बाण एकाच दिशेला हवेत. बसवल्यावर यंत्र उलटे धरून, वेग कमी ठेवून क्षणभर बटण दाबावे आणि बेल्ट कोणत्या बाजूला सरकतो ते पाहावे. बाजूची फिरकी अगदी थोडीशी फिरवली तरी तो परत मध्यावर येतो. हा मिनिटाभराचा सोपस्कार टाळला, तर बेल्ट यंत्राच्या अंगाला घासत राहतो, त्याची कड उसवते आणि नवा कोरा बेल्ट वाया जातो.

सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे बटण दाबून ठेवणारी कळ. ती अडकलेली असताना प्लग लावला, तर यंत्र टेबलावरून स्वतःच धावत सुटते. त्यामुळे प्लग लावण्यापूर्वी कळ मोकळी आहे ना हे पाहण्याची आणि बेल्ट बदलताना प्लग काढून ठेवण्याची सवय अंगी बाणवावी लागते. तळाचा बेल्ट आपल्या दिशेने फिरत असल्याने यंत्र पुढे ओढले जाते आणि सैल ठेवलेली फळी उलट आपल्या अंगावर येते. म्हणून फळी शिकंज्यात आवळावी किंवा आपल्या बाजूला तिच्यापेक्षा कमी जाडीचा अडसर ठोकावा. वायर खांद्यावरून मागे सोडावी. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या आणि सुती हातमोजे यांना या कामात जागा नाही; चष्मा आणि कानांवरचे मफ मात्र हवेतच.

धुळीविषयी आपल्याकडे जी बेफिकिरी दिसते ती मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे आणि सागाच्या धुळीने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटून पुरळ येते. यंत्राची कापडी पिशवी जाड भुसा पकडते, बारीक धूळ मात्र तिच्यातून बाहेर येतच राहते. पिशवीऐवजी व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडल्यावर फरक लगेच जाणवला, तरीही एन-95 मास्क मी उतरवत नाही. पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी आणि काम संपल्यावर भुसा घरात ठेवू नये. तेल किंवा वॉर्निशमिश्रित धूळ साचून राहिली की ती आतल्या आत तापून पेटू शकते. दाराचे खिळे आणि बिजागऱ्या आधीच काढाव्यात, कारण लोखंडावर बेल्ट घासून उडालेली ठिणगी थेट त्याच पिशवीत जाते.

आमच्या दोन दारांवर जुन्या ऑइलपेंटचे थर होते, ती मी रंगासकट या यंत्राखाली घेतलीच नाहीत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम भारतात 2016 साली अधिसूचित झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा धोका सर्वाधिक असतो. तो रंग मी पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच पत्रीने खरवडला आणि उघड्या पडलेल्या लाकडावरच पुढे सँडर चालवला. काम कंटाळवाणे होते, पण पर्याय नव्हता. प्लायवूड आणि व्हिनियर यांच्यावरही हे यंत्र नको. वरचा पापुद्रा बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो आणि तो पाहता पाहता पार होतो.

तक्रारीही आहेत. आवाज इतका आहे की दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी आमच्या आळीत तो लावायची सोय नाही, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पुढचा रोलर पोचत नाही, तिथे हातानेच घासावे लागते. कोकणातल्या दमट हवेत बेल्टचा चिकटवलेला जोड सैल पडतो; श्रावणात उघड्या फडताळातला एक बेल्ट सुरू करताच जोडावर फाटून फटकन बाहेर आला. तेव्हापासून बेल्ट घडी न घालता, सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो आणि वर्षभर पुरतील एवढे एकदम आणत नाही.

ज्यांना फक्त खुर्च्यांना नवे पॉलिश करायचे आहे किंवा एखादे कपाट घासायचे आहे, त्यांनी आधी रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे गोल चकती फिरता फिरता हलत घासते असे यंत्र, घ्यावा. तो हळू कापतो, चुका पोटात घालतो आणि धूळही कमी उडवतो. घरात भरीव लाकडाच्या फळ्या जोडण्याचे किंवा फुगलेल्या दारांच्या कडा उतरवण्याचे काम वारंवार निघत असेल, तरच बेल्ट सँडरवर पैसे घालावेत, आणि घेताना वेग कमीजास्त करण्याची सोय असलेलाच घ्यावा. जुने वॉर्निश काढताना तीच सोय कामी येते, कारण पूर्ण वेगात ते वितळून बेल्टला चिकटते आणि कमी वेगात कोरडे भुकटीसारखे निघते.