दही एक नंबर, पण त्या ‘फुफ्फुसाची सूज कमी’ पत्रकावर जाऊ नका

कोल्हापुरात राजारामपुरीत आतल्या एका गल्लीत दही, ताक आणि केफिरचं छोटं दुकान झालंय. नवराबायको मिळून चालवतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि ती त्यांनी नीट ऐकून घेतलीय, नुकसान व्हावं असली माणसं नाहीत ती.

आधी दह्याचं सांगते. म्हशीचं दूध, मातीच्या मडक्यात लावलेलं, मडकं जादाचं पाणी ओढून घेतं त्यामुळं दही घट्ट होतं आणि चमच्यानं काढल्यावर पण खड्ड्यात पाणी साठत नाही. वरती सायीचा थर आहे तो खरा सायीचाच, पावडर मारून केलेला नाही. गंगावेशच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध उभ्याउभ्या पिणारी माणसं आपण, दुधात काय कमीजास्त केलं तर आपल्या जिभेला लगेच कळतंय, आणि इथं तसलं काही जाणवलं नाही. आंबटपणा पण बेताचा, मटणाच्या ताटाला दहीकांदा करायचा तर हेच घ्या, लय भारी लागतं. अर्धा किलोचं मडकं ८० रुपये, महाग वाटेल पण वर्थ आहे. ताकात मात्र मीठ जरा जास्त पडतं, बीपीवाल्यांनी बिनमिठाचं मागून घ्या, देतात.

केफिर आपल्याकडं नवीन. मूळचं कॉकेशस डोंगराकडचं, पांढरे फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दाणे असतात ते दुधात टाकायचे, त्यात बॅक्टेरिया आणि यीस्ट दोन्ही एकत्र राहतात म्हणून चव दह्यापेक्षा आंबट आणि किंचित फसफसणारी. साधं प्या, छान आहे. आंब्याचं घेऊ नका, नुसती साखर. २०० मिलीची बाटली ९० रुपये.

आता तक्रार. बाटलीबरोबर एक पत्रक देतात, ‘प्रदूषणामुळे फुफ्फुसाला येणारी सूज कमी करते, संशोधनाने सिद्ध’, आणि खाली उंदराचं चित्र. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही मामा म्हणतो, सगळी नोकरी शिरोलीच्या फौंड्रीत काढली, मोल्डिंगच्या वाळूत, आता त्यांना दम्याचा पंप आहे. पत्रक वाचून मला विचारतात, पोरी हे रोज पिलं तर पंप बंद केला तर चालंल का. माझ्या पोटात गोळाच आला. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, डेअरीच्या लॅबमध्ये काम केलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, कारण पत्रकात सगळंच खोटं आहे असं पण नाही.

हवेतले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ते नाकाघशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या पार शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथं मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते गिळतात आणि गिळताना आयएल-६, टीएनएफ असले सिग्नल सोडतात, मग आणखी पेशी धावून येतात, तीच सूज. रोज धूळ आत जात राहिली की सूज उतरायला सवडच मिळत नाही. गिळणाऱ्या पेशींचं हे काम शोधून काढलं मेचनिकॉफनं, १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं, आणि हाच माणूस आंबवलेलं दूध आयुष्य वाढवतं म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचा! म्हणजे दही आणि सूज यांचा संबंध लावायचा विचार आजचा नाही.

दूध आंबताना बॅक्टेरिया नुसतं लॅक्टिक ॲसिड करत नाहीत. प्रोटीनचे तुकडे पाडतात, त्यातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो ॲसिडपासून इंडोल-लॅक्टिक ॲसिडसारखी संयुगं करतात, आणि असल्या इंडोलना ओळखणारा एएचआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीचा सिग्नल पकडणारा रेणू, आपल्या आतड्यात आणि फुफ्फुसात दोन्हीकडं असतो. आतड्यात घडलेल्याचा परिणाम फुफ्फुसावर होतो हे उंदरांत दिसलेलं पण आहे, २०१४ ला स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या टीमनं उंदरांना आंबणारा फायबर खायला घातला आणि ॲलर्जीची श्वासनळीची सूज कमी झाली. पण बघा, तो फायबर होता, दही नाही, आणि सूज ॲलर्जीची होती, धुराची नाही.

अजून एक गंमतीची गोष्ट, आणि ती पत्रकातल्या उंदरालाच लागू आहे. २०१९ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की आंबवलेल्या पदार्थांतलं डी-फेनिललॅक्टिक ॲसिड आपल्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या एचसीए३ रिसेप्टरला जाऊन लागतं. हा रिसेप्टर फक्त माणसात आणि चिंपांझी-गोरिल्लासारख्या मोठ्या वानरांत असतो, उंदरात नसतोच. म्हणजे उंदरात जे दिसलं ते माणसात होईलच असं नाही, आणि माणसात जे होतं ते उंदरात दिसेलच असं पण नाही. शिवाय प्रयोगात एखादं संयुग मोजून देतात, या बाटलीत ते किती आहे हे कुठं लिहिलंय?

युरोपची फूड सेफ्टी एजन्सी दाव्यांच्या बाबतीत फार कडक, त्यांनी जिवंत कल्चरच्या दह्याला एक गोष्ट मान्य केलीय, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर ज्यांना पचत नाही त्यांना ते पचायला मदत होते, ती पण ग्रॅममागं किमान १० कोटी जिवंत बॅक्टेरिया असतील तर. फुफ्फुसाचं नाव पण नाही त्यात.

आपल्याकडं फौंड्रीत आणि खाणीत कामगारांना गूळ खायला देतात, धूळ निघून जाते म्हणून. त्यावर १९९४ ला लखनौच्या आयटीआरसी या विषशास्त्र संशोधन संस्थेतल्या लोकांनी काम केलं, उंदरांच्या फुफ्फुसातून धुळीचे कण बाहेर पडायला गुळाची मदत होते असं दिसलं. पण म्हणून गूळ खाल्ला आणि मास्क काढला असं कुणी करू नये, वाळूच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसून होणारा सिलिकोसिस हा रोग एकदा झाला की बरा होत नाही. दह्याचं पण असंच धरा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात हवा खराब म्हणून महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं आली त्यात कोल्हापूर आहे. आपल्या देशाची पीएम २.५ ची वर्षाच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला सांगितलेली ५. एवढ्या फरकावर बाटली काय करणार? वाळूच्या कामाला एन९५ मास्क लागतो, फौंड्रीत धूळ ओढणारी यंत्रणा लागते, उसाचा पाला जाळायचा थांबायला लागतो.

मी हे सगळं दुकानात जाऊन सांगितलं, गर्दी नव्हती. दादांनी मधे न तोडता ऐकलं, म्हणाले वहिनी, पत्रक आम्ही पुण्याच्या एका सप्लायरकडून छापील घेतलं, वाचलं पण नीट नव्हतं. त्यांच्या बायकोनं तर लगेच पत्रकांचा गठ्ठा काउंटरच्या खाली ठेवला आणि विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं म्हशीचं दूध, कल्चर, तारीख आणि साखर किती ते लिहा, तेवढ्यावर माल विकतोय तुमचा. पुढच्या खेपेला गेले तर पत्रक नव्हतं, बाटलीवरच्या छोट्या स्टिकरवर मात्र अजून तोच दावा आहे, ते पण बदला ही विनंती.

मामांना मी दही खायला कधीच नको म्हटलं नाही, दुपारच्या जेवणात वाटी असते. पंप मात्र डॉक्टरांनी सांगितला तसा रोज, आणि पंपाचं काही कमीजास्त करायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच.

दह्याला पाच स्टार, केफिरला चार, स्टिकरमुळं एक कापला. सकाळी लवकर जावा, अकरानंतर मडकी संपतात. मडकं धुऊन परत दिलं तर १० रुपये कमी घेतात. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, मेन रोडला लावून चालत जावा.