४० वॅटचा अँप आणि परभणीचा कूलर

संभाजीनगरच्या एका दुकानातून ४० वॅटचा जुना अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणली, साडेअठरा हजारांत. भीमसेनजी, लताबाई झकास वाजतात, त्यात वाद नाही. खोट कळली ती फ्रेंच संगीतकार रावेलचं 'बोलेरो' लावल्यावर. ही १९२८ ची रचना सुरू होते ती स्नेअर ड्रमच्या, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलाच्या ठेक्यावर, कुजबुजल्यासारखी. आमच्याकडे परभणीत मे महिन्यात कूलर चालू असला की तो ड्रम ऐकूच येत नाही. म्हणून आवाज वाढवत गेलो. पंधराएक मिनिटांनी शेवटाला अख्खा वाद्यवृंद तुटून पडला, तेव्हा ट्रॉम्बोनचे पितळी सूर फाटले, मांडणीतली ताटं थरथरली आणि आई आतून ओरडली, "अरे, वरात आली का काय दारात?"

आता, १० डेसिबल चढवायचे तर दहापट वॅट लागतात. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे एका वॅटवर मीटरभर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देणाऱ्या स्पीकरला माझे ४० वॅट कुठवर पुरणार? दुकानदार म्हणाला होता, "हॉल दणाणून जाईल." दणाणला की, ताटांमुळं!

तरी परत केला नाही. रात्री अकरानंतर कूलर बंद करून, पंच्यानं घाम पुसत ऐकतो. ड्रममागून पहिली बासरी येते, ती डाव्या स्पीकरच्या जरा आत उभी असल्यासारखी वाटते.