एवढं कौतुक ऐकून घेतलेली प्रेमकथा, पण मनाला भिडलीच नाही

आमच्या ७:४८ च्या लोकलच्या लेडीज डब्यात दोन महिने एकाच कादंबरीची चर्चा, "वाचलीस का गं, रडशील बघ". लायब्ररीत नंबर काही लागेना, मग शेवटी दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानातून ३८० रुपये देऊन आणली आणि डोंबिवली ते सीएसएमटी येता-जाता चार दिवसांत संपवली. नाव लिहीत नाही, लेखिकेचं पहिलंच पुस्तक आहे.

खरं सांगू का, नाही आवडली. भाषा छान आहे, वाचताना अडकायला होत नाही. पण प्रेम कुठेय? तो देखणा, ती मनस्वी, दोघं एकमेकांसाठी वेडे, हे लेखिका दर दोन पानांनी सांगते, पण ही दोघं बोलतात काय, त्याला तिच्यातलं नक्की काय आवडलं, हे ३१२ पानं संपली तरी मला कळलं नाही.

एकाच जागी मी थांबले. जुलैचा पाऊस, दादरच्या पुलावर तिच्या चपलेचा अंगठा तुटतो, मागून गर्दी ढकलतेय आणि हा तिथेच खाली बसतो, तिच्या पर्सच्या चेनला लावलेली सेफ्टी पिन काढून अंगठा अडकवून देतो, पिन बोटात घुसते तरी बोलत नाही, आणि तीही थँक्यू वगैरे काही नाही, नुसती त्याच्या खांद्यावर हात टेकून एका पायावर उभी. ते पान मी दोनदा वाचलं, कुर्ला कधी गेलं कळलंच नाही. अख्खं पुस्तक असं असतं ना तर मीच सगळ्यांना सांगत सुटले असते! पण पान उलटलं की दोघं वरळी सी फेसला, आणि परत तेच चंद्र, वारा, डोळे.

मग भांडण. तो एका मुलीबरोबर दिसतो, ती निघते चुलतबहीण, आणि तेवढ्यावरून सव्वाशे पानं अबोला. अरे एक फोन करा ना, तिशीतली नोकरी करणारी माणसं तुम्ही!

आणि हा हिरो ठाण्याहून फास्ट लोकल पकडतो आणि करी रोडला उतरतो. फास्ट तिथे थांबतच नाही हो. गोष्ट लोकलमधली आहे तर एवढं बघायलाच हवं होतं, दादरला उतरून स्लोची वाट बघत उभा राहिला असता तर तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय चाललंय ते तरी कळलं असतं.

वाचायचीच असेल तर लायब्ररीतून आणा, ३८० रुपये घालू नका. माझी प्रत डब्यातल्याच एका ताईंना दिलीय, चपलेच्या पानात जुना पास घालून, म्हटलं तेवढं नक्की वाचा.