जुन्या वेलींची हलकी रेड: बोजोलेची गामे की केपची सँसो?

हलकी, फळांच्या चवीची रेड वाइन हवी आहे, आणि बाटलीवर ‘जुन्या वेली’ असं लिहिलेलं बघून तुम्ही दुकानात घुटमळताय? मग फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपची सँसो, या द्राक्षांच्या दोन जातींच्या वाइन शेजारी ठेवून बघा.

दोन्ही जाती मुळातल्या उधळ्या. मोकळं सोडलं तर घडच घड, आणि वाइन पाणचट. गामेचं भरघोस पीक फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांताचा ड्यूक फिलिप याला इतकं खुपलं, की त्याने १३९५ साली ती उपटून टाकायचा हुकूम काढला. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ती रुजली. सँसोही केपमध्ये वर्षानुवर्षं स्वस्त वाइनमध्ये भर घालायलाच वापरली जायची. वेल म्हातारी झाली की घड आपोआप कमी धरतात आणि रसात दम येतो. नाशिककडे खायच्या द्राक्षांची बाग अशी थकली की काढून टाकतात. या वाइनसाठी मात्र तीच थकलेली बाग जपतात. म्हणून या दोन जातींत तरी वेलीच्या वयाला जास्तीचे पैसे मोजावेत.

पण लेबलवरच्या शब्दावर किती विसंबायचं? फ्रान्समध्ये ‘व्हिएय व्हीन्य’ला, म्हणजे ‘जुन्या वेलीं’ना, कायद्याची व्याख्याच नाही, किती वर्षांच्या वेलीला जुनी म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. दक्षिण आफ्रिकेत जुन्या बागा जपणाऱ्या ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’चं सील असेल तर वेली किमान ३५ वर्षांच्या असतात, आणि लागवडीचं सालही सीलवर छापलेलं असतं. इथे सँसो सरळ जिंकते. बोजोले घेताना मी वयाऐवजी क्रूचं, म्हणजे बोजोलेतल्या नावाजलेल्या ठिकाणाचं, नाव बघतो: फ्लरी, मोर्गों, मुलँ-आ-वाँ. असे एकूण १० क्रू आहेत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी नूवो, म्हणजे त्याच वर्षीची कोवळी बोजोले, हा वेगळाच मामला, ती यात धरू नका.

चवीला गामे जास्त तरतरीत. अनेक जण अख्खे घडच टाकीत भरतात. मणी न चुरडता आतल्या आत आंबू लागतात, त्यामुळे चेरी-रास्पबेरीचा वास उसळतो आणि तुरटपणा कमी राहतो. सँसोचा मणी मोठा, साल पातळ. माझ्या ग्लासातल्या सँसोचा रंग इतका फिका होता, की पलीकडचा मेनू वाचता येत होता. स्ट्रॉबेरी, डाळिंब, आणि मागून कोऱ्या चहासारखं काहीतरी. आंबटपणा मात्र मवाळ.

तिखटाशी दोघींचं बरं जमतं, कारण तुरटपणा कमी. खिम्याबरोबर मला गामे आवडली, तंदुरी चिकनबरोबर सँसो. तांबड्या रश्श्यापुढे दोघींनी हात टेकले. तिथे बिअरच बरी.

चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर मोर्गों किंवा मुलँ-आ-वाँ घ्या. आजच उघडायची असेल तर सँसो. काहीही घेतलंत तरी आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. माझी पहिली फ्लरी मी पुण्यात भर मे महिन्यात कपाटातून काढून तशीच ओतली होती. कोमट सरबत झालं होतं तिचं.