आर्चर एएक्स५५ राउटरचा यूएसबी पोर्ट: फाइली वाटायला उत्तम, बॅकअपला नाही

टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स५५ला एक यूएसबी ३.० पोर्ट आहे. त्यात हार्ड डिस्क लावली की घरातल्या सगळ्या लॅपटॉप-मोबाइलवरून ती उघडता येते. फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, पिक्चर एका जागी ठेवायला ही सोय खरोखर उपयोगाची आहे. पण एनएएसचे (नेटवर्कवर फाइली साठवायच्या वेगळ्या यंत्राचे) पैसे वाचतील या हिशेबाने राउटर घेऊ नका. इथे डिस्क एकच, ती गेली की सगळं गेलं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

आधी डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत, बघा. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ सहज त्यापुढे जातो. घरात विंडोजच असेल तर एनटीएफएस, मॅकही असेल तर एक्सफॅट. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडून अ‍ॅडव्हान्स्ड, यूएसबी, यूएसबी स्टोरेज डिव्हाइस असं जा. सांबा (नेटवर्कवरून फाइली उघडायची सोय) चालू करा आणि त्याच पानावर पासवर्डची सक्तीही लावा. विंडोजमध्ये विन+आर दाबून \\१९२.१६८.०.१ टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड+के. मोबाइलवर व्हीएलसी पुरतं.

पासवर्डचा आळस विंडोज ११ प्रोवर लगेच नडतो. २४एच२ आवृत्तीपासून त्यात बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद असतो, त्यामुळे वाटलेली डिस्क उघडतच नाही आणि लोक राउटरला दोष देतात. इंटरनेटवरून एफटीपी (बाहेरून फाइली उघडायची जुनी पद्धत) हा पर्याय मात्र बंदच ठेवा, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो.

डिस्क सापडतच नसेल तर तुम्ही कोणत्या वायफायवर आहात ते पाहा. फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्याचं वायफायही चालू असेल आणि मोबाइल त्यावर असेल, तर या राउटरमागची डिस्क दिसणार नाही. एकच वायफाय ठेवा.

सर्वात जास्त त्रास विजेचा. यूएसबी ३.० पोर्ट नियमाप्रमाणे ९०० मिलीअँपिअर देतो, आणि काही २.५ इंची डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढतात. मग टिक-टिक आवाज येतो, डिस्क दिसते आणि गायब होते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा किंवा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली डिस्क) वापरा. लाइट जाते त्या भागात राउटरला मिनी यूपीएस हवाच, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडते. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त. डिस्कचा भारही त्याच्यावरच येतो. डिस्क काढतानाही आधी राउटरच्या यूएसबी स्टोरेजच्या पानावरून रिमूव्ह करा, मगच केबल उपसा.

डिस्क लावल्यावर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावलं तर नवल नाही. यूएसबी ३.०चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. केबल चांगल्या शील्डची घ्या, डिस्क अँटेनापासून लांब ठेवा आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. मोठी कॉपी करायची असेल तर सरळ लॅन केबल लावा. पोर्ट गिगाबिटचे आहेत, पण केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलेली असली तर जोडणी १०० एमबीपीएसवर येते आणि सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकते.

टीव्हीवर मीडिया शेअरिंगने पिक्चर लागतात. राउटर व्हिडिओचं रूपांतर करत नाही, म्हणून टीव्हीला न झेपणारी एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीची) फाइल चालणार नाही.