दोन हजारांचा फिटनेस बँड, आईसाठी घेतलेला

साडेतीन स्टार देतोय आणि त्यातले तीन नुसत्या स्टेप काउंटरचे. कंपनीचं नाव सोडा, ह्या रेंजमधले सगळे बँड उन्नीस-बीसच असतात.

आईची शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, तर आईचं म्हणणं "घरात दिवसभर चालतेच की मी". मग मनगटावर आकडा दिसायला लागला आणि तिच्याच लक्षात आलं की ओटा ते हॉल करून दुपारपर्यंत हजार पावलं पण धड होत नाहीत. आता भाजीला जाताना रिक्षा बंद, रात्रीची सिरियल फेऱ्या मारत बघते, आणि टार्गेटला थोडी कमी पडली तर झोपायच्या आधी खाली गेटपर्यंत जाऊन येते, का तर पूर्ण झालं की बँड थरथरतो आणि स्क्रीनवर फटाके उडतात! आम्ही एवढं सांगून जे झालं नाही ते फटाक्यांनी झालं. २०२२ ला लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात पण ट्रॅकरमुळे लोक दिवसाला साधारण १८०० पावलं जास्त चालतात असंच निघालं.

वजन कमी व्हायला घेत असाल तर मात्र थांबा. २०१६ च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये डाएट-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता, दोन वर्षांनी ट्रॅकरवाल्यांचं वजन साडेतीन किलो उतरलं आणि बिनट्रॅकरवाल्यांचं जवळजवळ सहा.

आल्या आल्या सेटिंगमध्ये जाऊन १०,००० चं टार्गेट खाली आणा. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ ला जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचा मीटर विकायला काढला त्याच्या नावातच तो होता. वयस्कर बायकांवरच्या २०१९ च्या अभ्यासात ७५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला होता, आम्ही तेच ठेवलंय.

आता वैताग. कणीक मळली की पावलं वाढतात, आणि मंडईतून दोन्ही हातात पिशव्या घेऊन आलं की हात हलत नाहीत म्हणून कमी मोजतो. पण मला खरं खटकलं ते वेगळंच, आई कित्येक वर्षं सकाळी योगासनं करायची ती आता बंद, कारण "त्याची पावलं धरत नाही ना तो". जे मोजलं जात नाही ते केल्यासारखंच वाटत नाही तिला. ह्याच्यावर अजून तोडगा सापडलेला नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा.

झोपेचा स्कोअर मी बंदच करून टाकला, छान झोपून उठलेली बाई स्कोअर बघून "आज दमल्यासारखं वाटतंय" म्हणायला लागली होती. बीपी दाखवतो म्हणून पाचशे जास्त मागत असतील तर देऊ नका, त्यात अजून थोडे घालून दंडाला पट्टा लावायचं मशीन घ्या.