जुन्या एस्टीमच्या बॉनेटवर स्कूप: काळाचौकीच्या डेंटरकाकांकडचा अनुभव

बाबांनी २००२ साली घेतलेली आमची मारुती एस्टीम अजून रोज रस्त्यावर असते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात बाबा तिला कलिन्यात उंचावर लावून पाण्यातून चालत परळला आले होते, आणि दोन दिवसांनी ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. अशा गाडीच्या बॉनेटला भोक पाडून वर स्कूप, म्हणजे हवेसाठीचं उंचवट्यासारखं तोंड, बसवायचं म्हटल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, ‘पावसाचं काय?’

पहिल्या वेळी मी त्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. गेल्या वर्षी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात तयार फायबरचा स्कूप घेतला. त्यांनी तो बॉनेटवर चिकटवला, कडेने पुट्टी भरली, रंग मारला. खाली भोक नव्हतं, नुसता दिखावा. मे महिन्यात सांध्यावर केसासारखी चीर दिसली, कारण उन्हात फायबर आणि पत्रा सारखे फुगत नाहीत. जूनमध्ये चिरेतून पाणी शिरलं आणि रंगाखाली गंजाचे फोड आले. दुकानदार म्हणाला, ऊन लागलं की असं होणारच. २२०० रुपये गेले ते गेलेच.

मग काळाचौकीच्या एका गल्लीत गाड्यांचं पत्राकाम करणाऱ्या डेंटरकाकांकडे गेले. दुकानाला पाटी नाही, आणि नाव लिहू नकोस असं त्यांनीच सांगितलंय. बॉनेटवर हात फिरवून त्यांनी पहिलं विचारलं, ‘ताई, हवा आत घ्यायचीय की बाहेर काढायचीय?’ हे मला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

जुन्या फॉर्च्युनरच्या ३.० लिटर डिझेलला किंवा जुन्या स्कॉर्पिओला स्कूप असतो, कारण खाली इंटरकूलर, म्हणजे टर्बोकडून इंजिनात जाणारी गरम हवा थंड करणारा भाग असतो, त्याला थंड हवा हवी. माझं १२९८ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन आपली हवा पुढून पाइपाने घेतं. पुढे तोंड केलेला स्कूप मला पिकअप देणार नव्हता, पावसाचं पाणी मात्र थेट कॉइल आणि वायरिंगवर आणून टाकणार होता. काकांनी स्कूपचं तोंड मागे, काचेकडे ठेवायला सांगितलं. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिनची गरम हवा तिथून वर निघून जाते.

आणखी एक अट त्यांनी घातली: मूळ बॉनेटला हात लावायचा नाही. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून मी दुसरं बॉनेट आणलं आणि कापलं ते. मूळ बॉनेट माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलंय. २०२७ मध्ये गाडीचं री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आहे, आरटीओत कोणी हरकत घेतली तर तेच परत बसवायचं. बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी देऊन टाकली.

काम बघायला मी मुद्दाम दोन शनिवार बसले. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या म्हणजे त्याचा सांगाडा, त्या न तोडता काकांनी मधल्या जागेतच पत्रा कापला. कापलेली कड तशीच न सोडता दुमडून ठोकली. स्कूपही पत्र्याचाच केला आणि वेल्डिंगचे छोटे टाके इकडे एक, तिकडे एक असे मारले, मध्ये ओल्या फडक्याने थंड करत, म्हणजे बॉनेट वाकडं होत नाही. मला सर्वांत आवडली ती आतली पन्हळ. भोकाखाली पत्र्याची पन्हळ, तिच्या दोन्ही टोकांना रबरी नळी, पाणी थेट खाली रस्त्यावर. मग इंजिनवर रद्दीचा पेपर पसरला, बॉनेट लावलं आणि वरून दहा मिनिटं पाइपाने पाणी सोडलं. पेपरचा एकच कोपरा भिजला होता. तेवढ्यासाठी त्यांनी ती बाजू उकलून पुन्हा केली.

रंगात थोडी कसर आहे. जुन्या सिल्व्हरच्या जवळ जाण्यासाठी त्यांनी तीन नमुने उन्हात धरून पाहिले, तरी संध्याकाळच्या उजेडात बॉनेट किंचित उजळ दिसतं. आणि खरी तक्रार आहे ती वासाची. केबिनची हवा काचेखालच्या जाळीतूनच येते, त्यामुळे बाहेरची हवा सुरू ठेवली की गरम ऑइलचा वास आत येतो. मी आता एसीचं बटण सतत आतल्या हवेवर ठेवते. काकांनी हे आधी सांगायला हवं होतं.

गाडीचा वेग किंवा ॲव्हरेज काहीही बदललेलं नाही, आणि तापमानाचा काटा होता तिथेच आहे. पण जूनपासून लालबाग ते सायन किती वेळा भिजत गेले, आत एक थेंब नाही. जुनं बॉनेट, पत्रा, मजुरी आणि रंग मिळून ११,५०० रुपये झाले. आठ दिवस सांगून सोळा दिवस लावले, त्यामुळे पावसाच्या तोंडावर जाऊ नका. बाबांनी परवा स्वतः बॉनेट उघडून पन्हळीत बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘पानं अडकतात गं इथे, पुसत जा.’ ऑक्टोबरमध्ये काकांनी पन्हळीचा गंज बघायला गाडी परत बोलावली आहे.